एका निबंधाचे किती धनी?

अर्थशास्त्राचा इतिहास आपण शिकतो तो माणसांच्या नावांनी. अ‍ॅडम स्मिथ, रिकार्डो, मिल, मार्शल, केन्स. आपल्याकडे दादाभाई, न्यायमूर्ती रानडे, डॉ. आंबेडकर. एक माणूस, एक खोली, एक दौत, आणि काही वर्षांनी एक ग्रंथ, असे चित्र त्यामुळे आपल्या मनात ठसलेले असते. आज एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन अर्थशास्त्राचे नामांकित नियतकालिक उघडले, तर त्या चित्राचा मागमूसही सापडत नाही. एका निबंधाखाली दोन नावे, तीन नावे, कधी पाच-सहा. एकट्याचा निबंध दिसला तर उलट आश्चर्य वाटावे.

डॅनियल हॅमरमेश या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने तेथील तीन अग्रगण्य नियतकालिकांतील निबंधांची अशी मोजदाद २०१३ साली प्रसिद्ध केली. १९६३ साली त्यांतल्या दर सहा निबंधांपैकी सुमारे पाच एकट्याने लिहिलेले होते. २०११ साली पाचांतला जेमतेम एक तसा उरला. डेव्हिड कार्ड आणि स्टेफानो डेलाविन्या यांनी पाच नियतकालिकांची अशीच पाहणी केली; तिच्यात दर निबंधामागे लेखकांची सरासरी १९७० साली १.३ होती, ती २०१२ साली २.३ झाली. (हे मोजणारेही दोघे, हे ध्यानात घ्यावे.) म्हणजे साधारण चाळीस वर्षांत दर निबंधामागे एक माणूस वाढला. आमच्या भाषेत, एका यंत्रावर एक हात जास्त लागला.

मी कामगार चळवळीतला माणूस. विद्यापीठाची पायरी चढलो ती तेथल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे निवेदन घेऊन. तेव्हा या विषयात मला रस का, असे आपण विचाराल. कारण सरळ आहे. काम कोणी केले, ते कोणाच्या नावावर चढले, आणि त्याचा मोबदला कोणाच्या पदरात पडला, हे तीन प्रश्न आम्ही जन्मभर विचारत आलो. ते गिरणीच्या फाटकाशी विचारायचे आणि ज्ञानाच्या दाराशी सोडून द्यायचे, असे का करावे?

पहिल्या प्रथम, तो जुना एकटा लेखक खरोखर एकटा होता का, ते पाहू. जॉन स्टुअर्ट मिलचा अर्थशास्त्रावरील मोठा ग्रंथ १८४८ साली निघाला. त्यात मजूरवर्गाच्या भवितव्यावर एक प्रकरण आहे. मालक आणि मजूर हे नाते कायमचे टिकणारे नाही, मजुरांनी आपापसांत सहकार करून धंदे चालवावेत, असा त्याचा रोख. हे प्रकरण पहिल्या मसुद्यात नव्हतेच, ते सर्वस्वी हॅरिएट टेलरमुळे आले, असे मिलने स्वतः आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले. ते आत्मचरित्र प्रसिद्ध झाले १८७३ साली; हॅरिएट तर १८५८ सालीच वारली होती. ग्रंथ निघाला तेव्हा अर्पणपत्रिकेत तरी तिचे नाव यावे अशी मिलची इच्छा होती. पण ती तेव्हा दुसऱ्याची पत्नी होती, आणि पतिराजांना ते रुचले नाही. ती अर्पणपत्रिका भेट द्यायच्या थोड्या प्रतींपुरतीच राहिली. शीर्षपृष्ठावर एक नाव, आणि आत दोघांचे काम.

मार्शलच्या घरची गोष्ट याहून बोलकी आहे. केंब्रिजच्या ज्या पहिल्या मूठभर मुली उच्च परीक्षेला बसल्या, त्यांत मेरी पेली होती. एक सोपे पाठ्यपुस्तक लिहिण्याचे काम तिच्याकडे आले. पुढे अल्फ्रेड मार्शलशी तिचा विवाह ठरला, आणि पुस्तकाच्या कामात तेही उतरले. ते पुस्तक १८७९ साली दोघांच्या नावाने निघाले, चांगले खपले. पुढे मार्शलसाहेबांना ते आवडेनासे झाले. १८९० साली त्यांचा मुख्य ग्रंथ एकट्याच्या नावाने आला. १८९२ साली जवळजवळ त्याच नावाचे दुसरे छोटे पुस्तक त्यांनी एकट्याने काढले, आणि दोघांचे पुस्तक बाजारातून गेले. मेरीबाई १९४४ पर्यंत जगल्या; नवऱ्याच्या ग्रंथसंग्रहाची निगा राखण्यात त्यांचे उत्तरायुष्य गेले. याच मार्शलसाहेबांनी केंब्रिजमध्ये स्त्रियांना पदवी देण्यास विरोध केला होता, हेही सांगून ठेवतो.

आणि याच मार्शलसाहेबांनी बिअ‍ॅट्रिस पॉटर नावाच्या एका तरुणीला सल्ला दिला होता की, सहकारी चळवळीचा इतिहास लिहिण्याच्या नादी लागू नकोस, स्त्रियांच्या मजुरीचा अभ्यास कर, तो तुला जमेल. बाईंनी सल्ला मानला नाही. सहकारी चळवळीवरचे त्यांचे पुस्तक १८९१ साली निघाले, आणि ज्याला आज आपण सामुदायिक वाटाघाटी म्हणतो त्याला इंग्रजीत जो शब्द रूढ आहे, तो याच पुस्तकातून चालू झाला. आमच्यासारख्यांच्या पोटापाण्याचा तो शब्द! पुढल्याच वर्षी त्यांनी सिडनी वेबशी लग्न केले. त्यानंतरची त्यांची मधुचंद्राची सफर जगावेगळी होती. डब्लिन आणि ग्लासगो येथे कामगार संघटनांची जुनी दप्तरे चाळत ती दोघे हिंडली.

वेब दांपत्याचा ‘कामगार संघटनांचा इतिहास’ १८९४ साली आणि त्याचा जोडग्रंथ १८९७ साली, दोन्ही दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाले. संघटनेचा विचार करणाऱ्या कोणालाही हे ग्रंथ टाळून पुढे जाता येत नाही. दुसऱ्याचे रशियन भाषांतर खुद्द लेनिनने सैबेरियातील हद्दपारीत हाती घेतले होते. मला या ग्रंथांबद्दल सांगायचे आहे ते वेगळेच. त्यांचे सामान गोळा कसे झाले? गावोगावच्या संघटनांची इतिवृत्ते, नियमांची पुस्तके, वर्गणीच्या वह्या, संपाच्या पत्रिका हे सारे जाऊन, बसून, उतरवून आणावे लागले. या कामात त्यांचा उजवा हात होता फ्रँक गॅल्टन. हा धातूवर नक्षी कोरणारा कारागीर, आपल्या धंद्याच्या संघटनेचा चिटणीस. दुसऱ्या संघटनेच्या कचेरीत जाऊन जुनी वही मागायची, तर मागणारा त्यांच्यापैकीच असावा लागतो. परक्या विद्वानाला कोणी कपाटाची किल्ली देत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. वेब पतिपत्नींनी प्रस्तावनेत गॅल्टनचे ऋण मोकळेपणाने मानले. तरी प्रस्तावना ती प्रस्तावना आणि शीर्षपृष्ठ ते शीर्षपृष्ठ. अर्थशास्त्रात सहलेखनाची सीमारेषा कुठे पडते ती येथे दिसते. विचार मांडणारे दोघे असोत की पाच, ते वर. सामान वाहून आणणारा खाली.

आता विसाव्या शतकात येऊ. १९२८ साली अमेरिकेत दोघांचा मिळून एक निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्यातले सूत्र आजही जगातल्या प्रत्येक महाविद्यालयात शिकवले जाते. पॉल डग्लस हे श्रम आणि वेतन यांचे अभ्यासक. १८९९ ते १९२२ या काळातील अमेरिकन कारखान्यांचे आकडे त्यांनी जमवले होते. कामगार किती, भांडवल किती, उत्पादन किती. तिन्हींच्या रेषा कागदावर काढल्या तेव्हा उत्पादनाची रेषा इतर दोन रेषांच्या मधून एका ठरावीक अंतराने चालली आहे, असे त्यांच्या नजरेस आले. यामागे नियम काय? डग्लसांना तेवढे गणित येत नव्हते. १९२७ साली ते अ‍ॅम्हर्स्ट येथे व्याख्याते म्हणून गेले असता तेथले गणिताचे प्राध्यापक चार्ल्स कॉब यांच्यापुढे त्यांनी हे कोडे टाकले. कॉबने सूत्र सुचवले. श्रम शेकडा एकाने वाढले तर उत्पादन शेकडा पाऊण वाढते, भांडवल शेकडा एकाने वाढले तर शेकडा पाव. ढोबळ हिशेब असा निघाला. पूर्ण स्पर्धा असेल तर उत्पन्नातही श्रमिकांचा वाटा पाऊण असावा, असे त्यातून निघते, आणि त्या वेळच्या अमेरिकन कारखान्यांच्या हिशेबाशी ते बरेचसे जुळत होते.

श्रमिकाचा वाटा पाऊण! वाटाघाटींना निघालेल्या माणसाला हे वाचून मोह पडतो. पण हे सूत्र श्रमिकाला काय मिळावे ते सांगत नाही. एका काल्पनिक बाजारात काय मिळेल तेवढे सांगते. शिवाय समोर बसलेल्यांनीही तेच पुस्तक वाचलेले असते. असो. मुद्दा असा की ही अर्थशास्त्रातील नव्या पद्धतीच्या जोडकामाची नांदी होती. एकाजवळ प्रश्न आणि आकडे, दुसऱ्याजवळ हत्यार. आमच्या फिटर-टर्नरसारखी जोडी. वर्णानुक्रमाने कॉब आधी, डग्लस नंतर, म्हणून सूत्रही ‘कॉब-डग्लस’ झाले. प्रश्न मुळात डग्लसचा होता, हे त्या नावावरून कळायला मार्ग नाही. डग्लस पुढे पन्नाशीत सैन्यात भरती झाले आणि १९४९ पासून अठरा वर्षे अमेरिकेच्या सिनेटचे सभासद होते. गणिताची अडचण पडली तेव्हा दुसऱ्याच्या दारी जाण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, याचे मला कौतुक वाटते.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारापासून अशा जोड्या झपाट्याने वाढल्या. १९४१ सालचा स्टोल्पर आणि सॅम्युएल्सन यांचा जकात व मजुरीवरचा निबंध, १९५४ सालचा एरो आणि देब्रू यांचा, १९५८ सालचा मोदिल्यानी आणि मिलर यांचा, हे सारे जोडनावांनीच ओळखले जातात. १९६१ साली चौघांचा एक निबंध आला: एरो, चेनरी, मिन्हास, सोलो. श्रमाच्या जागी भांडवल कितपत बसवता येते, हा त्याचा विषय. यातले बगिचा सिंग मिन्हास हे आपल्या पंजाबचे, पुढे योजना आयोगाचे सभासद झाले. पण अशा निबंधाचा हवाला देण्याची रीत पाहा. दोन लेखक असले तर दोघांची नावे घेतात. अधिक झाले की पहिल्याचे नाव आणि पुढे ‘आणि इतर’. म्हणजे मिन्हास ‘इतर’ झाले, आणि सोलोही ‘इतर’ झाले! सोलोना १९८७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांचे काही अडले नाही. पण हे वाचताना मला ठेकेदाराचे मस्टर आठवते. मुकादमाचे नाव पुरे, आणि खाली ‘गडी नग तीन’.

ही वाढ झाली कशाने? याची चर्चा अर्थशास्त्रज्ञांनीच पुष्कळ केली आहे. मौज अशी की, टाचणीच्या कारखान्याचा प्रसिद्ध दाखला स्मिथने १७७६ साली दिला. काम अठरा तुकड्यांत वाटले की दहा माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. सगळ्या जगाला श्रमविभाग शिकवणाऱ्या या शास्त्राने स्वतःच्या घरात तो लागू करायला पावणेदोनशे वर्षे लावली. जोवर निबंध म्हणजे युक्तिवाद होता तोवर एक डोके पुरे होते. हॅमरमेश यांच्याच मोजणीत १९८३ साली निम्म्याहून अधिक निबंध निव्वळ सिद्धांताचे होते. २०११ पर्यंत त्यांचा हिस्सा पाचव्या भागाच्या आसपास आला. उरलेले निबंध आकड्यांचे. आकडे म्हटले की कोणी गोळा करायचे, कोणी साफ करायचे, कोणी यंत्रात घालायचे, कोणी त्यांतून अर्थ काढायचा. संगणक आले, इ-मेल आली, आणि शिकागोचा माणूस दिल्लीच्या माणसाबरोबर रोज बसल्यासारखे काम करू लागला.

दुसरे कारण कमी उदात्त आहे, पण मला ते अधिक पटते. कार्ड आणि डेलाविन्या सांगतात की मोठ्या नियतकालिकांत निबंध स्वीकारला जाण्याचे प्रमाण १९७० च्या दशकातील शेकडा पंधरावरून शेकडा सहावर आले, आणि निबंधांची लांबी जवळजवळ तिप्पट झाली. शंभर जण रांगेत, सहा जण आत. तरुण प्राध्यापकाची नोकरी कायम व्हायची तर त्या सहांत यावे लागते. एकट्याने एका निबंधावर चार वर्षे घालवावीत आणि तो परत यावा, यापेक्षा तिघांबरोबर तीन निबंधांत थोडे थोडे हात घालावेत. एक तरी तरेल. विमाच तो! काम वाढले, जागा कमी झाल्या आणि नोकरी टांगणीला लागली की माणसे एकमेकांना धरून राहतात, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

आता वाटणीकडे वळतो; खरे दुखणे तेथे आहे. कारखान्यात दोघांनी मिळून केलेल्या नगाचा दर अर्धा अर्धा वाटता येतो. नावाचा दर कसा वाटायचा? अर्थशास्त्रज्ञांनी यावर एक भोळा तोडगा काढला: आडनावांचा इंग्रजी वर्णानुक्रम. कोणी किती केले हा वादच नको. वरवर हे समतेचे वाटते. पण लिरान आयनाव आणि लीट यारिव्ह यांनी २००६ साली दाखवले की अमेरिकेतील वरच्या दर्जाच्या अर्थशास्त्र विभागांत ज्यांचे आडनाव वर्णमालेत आधी येते त्यांना कायम नेमणूक मिळण्याची शक्यता अधिक असते. मानसशास्त्रात नावे वर्णानुक्रमाने लावत नाहीत, तेथे असा फरक आढळला नाही. म्हणजे बापाच्या आडनावाने पोराची बढती ठरली. यावर देबराज रे आणि आर्थर रॉबसन यांनी २०१८ साली सुचवले की नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि तसे दाखवणारी खूण नावांच्या मध्ये छापावी. अमेरिकन अर्थशास्त्र संघटनेने ती मुभा दिलीही आहे. चिठ्ठी ही आपल्या गावकीतली जुनी युक्ती, पाण्याच्या पाळीला वापरतात तीच.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र चिठ्ठीनेही भागत नाही. मिल्टन फ्रीडमन आणि अ‍ॅना श्वार्ट्झ यांचा अमेरिकन चलनाचा इतिहास १९६३ साली निघाला. श्वार्ट्झबाई १९४१ पासून संशोधनसंस्थेत राबत होत्या. तरी त्यांना डॉक्टरेट मिळाली ती ग्रंथ निघाल्यानंतर, १९६४ साली. फ्रीडमनना १९७६ साली नोबेल मिळाले. ज्या कामगिरीसाठी मिळाले तिच्यात चलनाच्या इतिहासाचा स्पष्ट उल्लेख होता. नाव एकट्याचे होते. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी तर हीदर सार्सन्स यांनी अलीकडेच अमेरिकन विद्यापीठांतील नेमणुका तपासल्या. पुरुषाने एकट्याने लिहिले काय, इतरांबरोबर लिहिले काय, कायम होण्यासाठी त्याला जवळपास सारखेच श्रेय मिळते. स्त्रीने एकटीने लिहिले तर तिलाही तसेच मिळते. पण पुरुषांबरोबर लिहिले की ते काम त्यांचेच असावे असे निवडसमिती धरून चालते. पहिल्या टिपणात बाईंनी मिस्किलपणे नोंदवले होते की हे लेखन जाणूनबुजून एकटीचे ठेवले आहे. २०२१ साली तो निबंध विस्ताराने प्रसिद्ध झाला तेव्हा त्यावर चार नावे होती. त्यात सार्सन्स हे नाव वर्णानुक्रम मोडून पहिले छापले आहे. मला हे योग्य वाटते. समतेच्या नावाखाली सगळ्यांना एका मापाने मोजायचे आणि मापच वाकडे असायचे, तर ते माप मोडलेले बरे.

आपल्याकडे हा इतिहास कसा घडला? वसंत व्याख्यानमालेची परंपरा १८७५ साली पुण्यात सुरू करणारे रानडे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात आर्थिक विषयांवर लिहीत, आणि ते लेख पुष्कळदा निनावी असत. त्यांना नाव लावण्याची निकडच नव्हती. त्यांची नोकरी न्यायखात्यात होती. पुढे शेतकी खात्यातील डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर, शेतोशेत पाहणी केली. आज त्या गावी उंच इमारती उभ्या आहेत. तेव्हा अठराव्या शतकातील सरासरी ४० एकरांची धारणा तुकडे होत होत ७ एकरांवर आली होती, हे त्या पाहणीने दाखवले. तो ग्रंथ १९१७ साली निघाला. नाव मानसाहेबांचे, आणि खाली सहस्रबुद्धे, कानिटकर आदींच्या ‘सहकार्याने’. १९२१ साली जातेगाव बुद्रुकवरचा दुसरा ग्रंथ आला तेव्हा लेखक ‘मान आणि कानिटकर’ होते. ‘सहकार्याने’पासून ‘आणि’पर्यंत यायला चार वर्षे लागली, परक्या राज्यात ही काही थोडी मजल नव्हे.

गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास जानेवारी १९७१ मध्ये मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. एक मराठी, एक ओडिया. दिवसाला २२५० उष्मांक अन्न मिळण्याइतकाही खर्च करू न शकणारी माणसे खेड्यांत शेकडा ४० आणि शहरांत शेकडा ५० आहेत, हा त्यांचा हिशेब. आणि खेड्यांतून कामे काढा, हा त्यांचा उपाय. पुढल्याच वर्षांच्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे निघाली, १९७७ साली तिचा कायदा झाला, तेव्हा या दोन नावांचा उच्चार वारंवार होई. पण त्यांचे आकडे आले कुठून? राष्ट्रीय नमुना पाहणीतून. देशभर खेड्यापाड्यांत, उंबऱ्याशी बसून, घरात किती ज्वारी लागली आणि तेल किती, हे विचारत हिंडलेल्या शेकडो प्रगणकांच्या वह्यांतून.

एका कारखान्यात वीसेक वर्षांपूर्वी अशीच उत्पादकतेची पाहणी झाली होती. यंत्र किती वेळ बंद राहते ते आमच्या एका टर्नरने दोन महिने पाळीवर असताना वहीत टिपले. अहवाल आला तेव्हा त्याखाली तीन डॉक्टरांच्या सह्या होत्या, टर्नरचा उल्लेख नव्हता, आणि त्याच आकड्यांच्या आधारे त्याच्याच खात्यातली दोन माणसे कमी झाली. आम्ही अहवालाची प्रत मागितली. ती गोपनीय असल्याचे उत्तर मिळाले. गोपनीय कोणापासून? ज्याच्या अक्षरातून ती निघाली त्याच्यापासून.

तर मग प्रत्येक प्रगणकाला लेखक म्हणायचे का? पदार्थविज्ञानात तसे करून पाहिले आहे. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरील २०१५ च्या निबंधावर ५,१५४ नावे आहेत. ३३ पानांतली २४ पाने नावांनीच भरली. अर्थशास्त्राने इतके टोक गाठावे असे मी म्हणणार नाही. निबंध चुकला तर जबाब देणारा कोणीतरी असावा लागतो, आणि पाच हजारांचा जबाब म्हणजे कोणाचाच नव्हे. पण लेखक आणि ‘इतर’ यांच्यामध्ये आज काहीच नाही, हे खटकते. सिनेमाच्या शेवटी प्रकाशयोजना करणाऱ्याचे, चहा देणाऱ्याचे नाव येते. ते दिग्दर्शक ठरत नाहीत, पण कामावर होते एवढे सिद्ध होते. कोणी काय केले याची यादी वैद्यकाच्या नियतकालिकांत छापली जाते. तिच्यात वही भरणाऱ्याचीही ओळ असायला अडचण कसली?

मुंबई आणि वडोदरा येथील शाळांत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच मुलींकडून शिकवण्याचा एक मोठा प्रयोग झाला. या मुलींना ‘बालसखी’ म्हणत. त्यांना महिन्याला सुमारे ५०० ते ७५० रुपये मिळत. मुले खरोखर सुधारली. त्यावरचा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. लेखक चार: बॅनर्जी, कोल, डुफ्लो, लिंडन. त्यांतील बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे नोबेल मिळाले, आणि ते मिळणे रास्तच होते. हवाला देणारे आता त्या निबंधाला ‘बॅनर्जी आणि इतर’ म्हणतात. त्या ‘इतर’मध्ये मोजले जातात तिघे, बालसख्या त्यातही नाहीत.